गुरुवारी न बिघडणारं यंत्र

आमच्या जिल्ह्यात कुणालाही रस्ता विचारा, 'माहीत नाही' असं उत्तर कधी मिळणार नाही. संगमनेरच्या बसस्टँडवर उभं राहून नेवाशाचा रस्ता विचारला तर चार माणसं चार बाजूंना हात करतात. पाचवा आधी 'तिकडं तुमचं कोण असतं?' असं विचारतो आणि सगळं नीट ऐकून घेतल्यावर पाचवी दिशा दाखवतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, एवढीच काळजी असते.

अशा मुलखात जन्मून मी पोटासाठी काम पत्करलं ते दिशा सांगणाऱ्या यंत्राची राखण करण्याचं. शिर्डीच्या विमानतळाच्या धावपट्टीपासून जरा लांब, कुंपणाच्या कडेला, एक गोल लोखंडी माळा उभा आहे. वरून सगळी जाळी. जाळीच्या कडेने पांढऱ्या टोप्या घातलेले बुटके अँटेना आणि मधोमध एक. याला व्हीओआर म्हणतात. तो चोवीस तास चारी बाजूंना रेडिओ लहरी सोडत असतो आणि त्या पकडून वैमानिकाला कळतं, की आपण विमानतळाच्या नेमक्या कोणत्या अंगाला आहोत. मधून मधून टिकटिक करून तो आपलं नावही सांगतो, म्हणजे दुसऱ्याच गावच्या यंत्रावर भरवसा ठेवून कुणी भलतीकडे जायला नको. माळ्याखाली एक खोली आहे. खोलीत कपाटाएवढी यंत्रं, एक एसी, एक इंडक्शन शेगडी आणि मी.

या माळ्याविषयी गावात मतं बरीच आहेत. पाऊस लांबला की ते पाऊस पळवायचं मशीन होतं. म्हैस आटली की तिच्यावर त्याच्या लहरी गेलेल्या असतात. एका उन्हाळ्यात दोन बायका डोक्यावर कुरडयांचं घमेलं घेऊन कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, ''मॅडम, येवढी मोठी जाळी रिकामीच पडलीय. वाळवन घालू का?'' मी नाही म्हटलं तर त्यांना ते माझं कोतेपण वाटलं. अजूनही त्या मला बघून मान फिरवतात.

माळ्यापासून काही अंतरावर, अगदी कुंपणाला लागून, एक खांब आहे. त्यावरही एक छोटा अँटेना आहे. त्याला मॉनिटर म्हणतात आणि त्याचं काम शुद्ध चुगलीचं. माळा जी दिशा सांगतो ती बरोबर आहे का, हे तो दिवसभर ऐकत असतो. जरा फरक पडला की खोलीत भोंगा वाजतो. मग यंत्र आपलं आपण दुसऱ्या जोडयंत्रावर जातं. तरीही फरक राहिला तर सरळ बंद पडतं. चुकीची दिशा सांगण्यापेक्षा गप्प बसणं बरं, असा त्याचा बाणा आहे. माझ्या ओळखीत असा माणूस एकही नाही. मी स्वतः तर नाहीच, आणि हे सगळं लिहायला बसले त्याचं कारणही तेच.

माझ्या या नोकरीमागे एक वाक्य आहे. ते माझ्या वडिलांचं.

पप्पांचं संगमनेरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आता त्या दुकानात रेडिओ कमी आणि चर्चचे, गणेश मंडळांचे, लग्नाच्या बँडचे अॅम्प्लिफायर जास्त असतात, पण पाटीवर अजून रेडिओच आहे. लहानपणी शाळा सुटली की मी दुकानात बसायचे. सोळा वर्षांची असताना एका गिऱ्हाइकाचा रेडिओ तपासायला म्हणून मी एलिमिनेटरला जोडला. एलिमिनेटर म्हणजे विजेवर सेलचं काम करणारी डबी. बटण दाबलं, आत चर्र झालं, आणि जाळीतून धूर आला. गिऱ्हाईक समोरच उभं होतं. ते आमच्याच मंडळीतले एक गृहस्थ, चर्चमध्ये नेहमी तिसऱ्या बाकावर बसणारे. पप्पांनी रेडिओकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ''हिच्या हातात दुरुस्ती न्हाई.''

त्या दिवसापासून त्यांनी मला काउंटरच्या आत येऊ दिलं नाही. सोल्डरिंग गन मागितली तर म्हणायचे, ''तू अब्यास कर.'' मग मी अभ्यासच केला. इतका राग होता मला, की त्याच्यावर डिप्लोमा झाला, डिग्री झाली, परीक्षा झाली, आणि शेवटी मी अशी नोकरी मिळवली की जिथे पप्पांच्या दुकानातल्या सगळ्या रेडिओंची बेरीज केली तरी पुरणार नाही एवढा मोठा रेडिओ माझ्या ताब्यात आला. नेमणुकीचं पत्र मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ''म्हंजी बिघडलं तर दुरुस्त तूच करनार?''

हा प्रश्न त्यांनी कसा विचारला ते मी कधी विसरले नाही.

आठवडाभर मी विमानतळाजवळच्या गावात खोली घेऊन राहते आणि शनिवारी घरी जाते. कामाच्या जागी माझी एकच चैन आहे, संध्याकाळचा चहा. तोही दूध घालून. सुरुवातीला मी दुधाची पावडर वापरायची. आजूबाजूला म्हशीच म्हशी आणि मी पावडर कालवतेय, याची मला शरम वाटू लागली. गावातलं दूध गोळा करून संगमनेरच्या डेअरीला नेणारा एक टेम्पोवाला होता. तो गावातल्या चौकात थांबायचा. मी त्याला म्हटलं, ''भाऊ, जरा पुढे येऊन माझ्या कुंपणापाशी थांबत जा ना. सावली आहे, जागा मोकळी आहे, लोकांनाही सोयीचं.'' लोकांच्या सोयीचं मी फक्त तोंडदेखलं म्हटलं होतं. टेम्पोवाला भला माणूस. दुसऱ्या दिवसापासून सव्वापाचच्या ठोक्याला त्याचा हॉर्न वाजू लागला. मोटरसायकलींना किटल्या अडकवून शेतकरी जमायचे, मी कुंपणाच्या फटीतून पातेलं पुढे करायची, आणि माझा चहा व्हायचा. फक्त गुरुवारी तो यायचा नाही. गुरुवारी शिर्डीत गर्दी असते, हॉटेलांना दूध जास्त लागतं, म्हणून तो दुपारीच दूध घेऊन तिकडे जायचा. गुरुवारी मी कोरा चहा प्यायची.

वर्षभर हे सुखाने चाललं. दसऱ्याला त्याने नवा, पहिल्याच्या दुप्पट मोठा टेम्पो घेतला. मागे चकचकीत स्टीलची उंच टाकी. झेंडूचा हार घातलेला तो टेम्पो घेऊन तो आला तेव्हा त्याने मला कुंपणातून पेढे दिले. मी दोन खाल्ले.

त्याच आठवड्यात माझं यंत्र बिघडायला लागलं.

पहिल्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा मी नुकतं दूध घेऊन आत येत होते. पातेलं शेगडीवर ठेवून धावले. दिशेत फरक. यंत्र जोडयंत्रावर गेलं, तरी फरक, आणि मग ते गप्प झालं. टॉवरमध्ये बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्याचा फोन आला, ''मॅडम, तुमचं यंत्र रुसलं का?'' हा सहकारी वैमानिकांशी बोलताना इतकं मोजून मापून इंग्रजी बोलतो की वाटावं या माणसाला थट्टा माहीतच नाही. माझ्याशी बोलताना ती सगळी कसर भरून काढतो. त्याने वैमानिकाला कळवलं, हवा स्वच्छ होती, विमानाकडे दुसरी साधनं होती, भाविक सुखरूप उतरले. वीस मिनिटांनी मी यंत्र चालू केलं तर सगळं ठणठणीत. दूध मात्र उतू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मी यंत्रातलं एक कार्ड, म्हणजे सर्किटची पट्टी, बदललं, मग दुसरं बदललं. केबल तपासल्या, अर्थिंग तपासलं. खांबावर चढून मॉनिटरचं तोंड पुसलं. चौथा दिवस गुरुवार होता. सव्वापाच वाजले, साडेपाच वाजले, भोंगा वाजला नाही. मला वाटलं जिंकले. कोरा चहा मी त्या दिवशी मोठ्या रुबाबात प्यायले. शुक्रवारी सव्वापाचला भोंगा वाजला.

दुसरा गुरुवारही सुना गेला तेव्हा गेटवरचा सुरक्षा रक्षक हात जोडून म्हणाला, ''मॅडम, गुरवारी बाबांचा वार. मशीनसुदीक गप ऱ्हातंय. तुमी शुक्रवारी येक नारळ फोडा.'' मी त्याच्यावर खेकसले. मी ख्रिस्ती घरातली, शिवाय इंजिनिअर, त्यामुळे नारळ फोडायला मला दुहेरी अडचण होती. तरीही खरं सांगते, शुक्रवारी पाच वाजता मी यंत्राच्या कपाटावर हात ठेवून मनातल्या मनात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पूर्ण म्हटलं. सव्वापाचला भोंगा वाजला.

वरच्या साहेबांचे फोन सुरू झाले. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे, ''मॅडम, तुमच्याकडचा बिघाड नेमका चहाच्याच वेळी कसा होतो?'' त्यात कॅलिब्रेशनचं विमान ठरलं. हे एक छोटं विमान असतं. ते येऊन आमच्याभोवती घिरट्या घालतं आणि यंत्र सांगतंय ती दिशा खरी की खोटी हे वरून मोजतं. ते पास झालं नाही तर यंत्र बंद ठेवायचं, आणि दुरुस्तीला मुंबईहून माणसं यायची. येणाऱ्या मंगळवारी ते येणार होतं. साहेब म्हणाले, ''तोवर झालं नाही तर सांगा, आम्ही टीम पाठवतो.'' त्यांनी ते मदत म्हणून सांगितलं होतं. मला मात्र त्यांच्या आवाजात ऐकू आलं, हिच्या हातात दुरुस्ती नाही.

शनिवारी घरी गेले ती फणफणत. आईने ताट वाढलं, मी भाजीला नावं ठेवली, मग भाकरीला ठेवली. पप्पा खाली बघून जेवत होते.

''काय झालं?'' त्यांनी विचारलं.

''काही नाही.''

''तिचं यंत्र बिघडलंय,'' आई म्हणाली. आईला मी फोनवर सगळं सांगत असते, आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

पप्पांनी ताटातून मान वर केली. ''कंदी बिघडतं?''

''सव्वापाचला.''

''रोज?''

''गुरुवार सोडून रोज.''

पप्पा जेवायचे थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं जे मी त्या दुकानात लहानपणी बघायची. एखादा रेडिओ खरखरायला लागला की ते असेच मान तिरकी करून ऐकायचे आणि स्क्रू ड्रायव्हरला हातच लावायचे नाहीत. आधी गिऱ्हाइकाला विचारायचे, रेडिओच्या शेजारी काय असतं? ट्यूबलाइट हाय? फ्रीज हाय? कितीदा तरी ते रेडिओ न उघडताच गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन यायचे.

''मशीनला वार कळत न्हाई, पोरी,'' ते म्हणाले. ''वार मानसाला कळतो. गुरवारी तितं कोन येत न्हाई, त्ये बघ.''

''पप्पा, तो काही तुमचा ट्रान्झिस्टर नाही,'' मी म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. त्यात लहरींची लांबी होती, अँटेनांची संख्या होती, आणि ज्याची काहीच गरज नव्हती असं बरंच इंग्रजी होतं. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि आईकडे बघून म्हणाले, ''भाजी लई चांगली झालीय.''

सोमवारी सव्वापाचला हॉर्न वाजला. मी पातेलं घेऊन कुंपणापाशी गेले. टेम्पोवाल्याने माप भरलं. दूध पातेल्यात पडत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या मागे टाकी होती. संध्याकाळच्या उन्हात ती अशी चमकत होती की डोळे मिटावेत. टाकीच्या शेजारी, कुंपणाच्या कडेने जेमतेम पंधरा पावलांवर, माझा मॉनिटरचा खांब होता. खोलीतून भोंग्याचा आवाज आला.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं, की एवढा मोठा धातूचा पत्रा अँटेनाच्या तोंडाशी उभा केला तर लहरी त्याच्यावर आपटून भलतीकडे जातात. कुंपणाच्या आतल्या बाजूला 'येथे वाहन उभे करू नये' अशी पाटी मीच लावली होती. यंत्र बिघडलेलं नव्हतं. मॉनिटरला वेडंवाकडं ऐकू येत होतं आणि ते तो इमानदारीने सांगत होता. गुरुवारी कोण येत नाही, हे सगळ्या जिल्ह्यात जर कुणाला पक्कं माहीत होतं तर ते मला, कारण कोरा चहा मीच पीत होते.

''भाऊ,'' मी म्हणाले, ''गाडी काढा.''

''आवो मॅडम, अजून चार किटल्या यायच्यात.''

''आत्ताच्या आत्ता काढा! आणि उद्यापासून पुन्हा चौकात थांबा.''

तो बिचारा गोंधळला. ''तुमीच तर म्हनला हुतात...''

''मी म्हणाले होते, आता नाही म्हणतेय!'' मी ओरडले. किटल्यावाले माझ्याकडे बघत राहिले. कुरडयांची बातमी तिथेही पोहोचलेली असणार. टेम्पो चारशे पावलं मागे, चौकात गेला आणि आतला भोंगा आपोआप थांबला. मी पातेलं हातात धरून तिथेच कुंपणाला टेकून बसले. मला हसूही येत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसंही वाटत होतं.

मंगळवारी विमान आलं, घिरट्या घालून गेलं, सव्वापाचही वाजून गेले, आणि यंत्र पास झालं. साहेबांना मी लिहून पाठवलं, 'बाह्य अडथळा शोधून दूर केला.' यात खोटं काहीच नव्हतं. तो अडथळा चहासाठी मीच बोलावून आणला होता, हे लिहायला त्या अहवालात रकानाच नव्हता.

संध्याकाळी पप्पांना फोन केला. केला तेव्हा खरं सांगायचं असंच ठरवलं होतं. पण पलीकडून ते म्हणाले, ''काय निगालं?'' आणि त्या आवाजात मला तो जुना, नेमणुकीच्या पत्रावरचा प्रश्न ऐकू आला. माझ्या तोंडून निघून गेलं, ''एक कार्ड सैल होतं. कुणालाच दिसत नव्हतं. मी शोधून बसवलं.''

पलीकडे स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला.

''बरं झालं,'' ते म्हणाले.

रविवारी उपासनेला आम्ही तिघं गेलो. आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी साक्षीची वेळ असते. आठवड्यात देवाने ज्याच्यासाठी काही केलं असेल त्याने उभं राहून ते सर्वांना सांगायचं. कुणाचं ऑपरेशन सुखरूप होतं, कुणाची बदली होते. पप्पा आयुष्यात कधी साक्षीला उठले नव्हते. त्या दिवशी उठले. माइक त्यांनीच सकाळी बसवलेला, तरी तो दोनदा ठोकून बघितला.

''माझी लेक विमानाला दिशा दाखवायच्या मशीनीवर हाय,'' ते म्हणाले. ''त्ये बिघडलं हुतं. मोठ्या मोठ्या सायबांना सापडंना. हिनं सैल कार्ड हुडकून काढलं. प्रभूची स्तुती असो.''

सगळी मंडळी मागे वळून माझ्याकडे बघू लागली. तिसऱ्या बाकावरचे ते गृहस्थ, ज्यांचा रेडिओ माझ्या हातून जळला होता, तेही वळले. पाळकसाहेबांनी तर आशीर्वादाच्या आधी खास प्रार्थना केली, की जशी या बहिणीने विमानांना योग्य दिशा दाखवली तशी आम्हांलाही दाखव. बाहेर प्रत्येक जण आमच्या रिवाजाप्रमाणे हात हातात घेऊन 'सलाम' म्हणत होता आणि त्या कार्डाची चौकशी करत होता. एका बाईंनी तर विचारलं, किती मोठं होतं गं ते कार्ड? मी हाताने दाखवलं.

जे ऐकायला मी वीस वर्षं थांबले होते ते ऐकून झालं होतं, आणि मला तोंड लपवायला जागा सापडत नव्हती. माझं यंत्र असतं तर केव्हाच भोंगा वाजवून गप्प बसलं असतं.

दुपारी पप्पा दुकान उघडून बसले होते. रविवारी ते गिऱ्हाईक घेत नाहीत, नुसते बसतात. मी काउंटरच्या बाहेरच उभी राहिले.

''पप्पा, कार्ड सैल नव्हतं.''

''ठावं हाय,'' ते म्हणाले. ''दुधाचा टेम्पो हुता.''

माझं तोंड उघडंच राहिलं. ''तुम्हांला कुणी सांगितलं?''

''त्यानंच की. डेअरीत दूध उतरवून जाताना हितं थांबतो. त्याच्या नव्या गाडीचा रेडिओ मीच बसवलाय. सोमवारी येऊन म्हनला, तुमच्या ताईंनी मला हाकलून दिलं. मंग समजायचं काय ऱ्हायलं?''

म्हणजे मी मंगळवारी फोन केला तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. ''मग चर्चमध्ये कार्ड कशाला सांगितलंत?''

''तू मला कार्ड सांगितलंस. मी त्येच फुडं सांगितलं.''

एवढं झालंच आहे तर पुरतं होऊन जाऊ दे म्हणून मी उरलेलंही सांगून टाकलं. पावडरचा चहा, चौकातून बोलावलेला टेम्पो, दसऱ्याचे दोन पेढे. हे टेम्पोवाल्याने सांगितलं नव्हतं. पप्पा आधी ऐकत राहिले, मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि मग चष्मा काढून ते इतके हसले की समोरचा किराणावाला काय झालं म्हणून बाहेर आला.

''म्हंजी बिगाड पन तूच,'' ते डोळे पुसत म्हणाले, ''आन दुरुस्ती पन तूच!''

''हसा. तुम्ही तर वीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, हिच्या हातात दुरुस्ती नाही म्हणून.''

त्यांचं हसू थांबलं. चष्मा पुसायला घेतला तो ते पुसतच राहिले. मग स्टुलावर चढून त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरून एक खोकं काढलं आणि काउंटरवर ठेवलं. आत तो रेडिओ होता. जाळीवर धुराचा काळा डाग तसाच. गिऱ्हाइकाला त्यांनी तेव्हाच दुसरा रेडिओ दिला होता आणि हा ठेवून घेतला होता.

''त्या दिवशी सकाळी म्या गाडीचा टेप तपासला हुता,'' ते म्हणाले. ''त्याला बारा व्होल्ट लागत्यात. एलिमिनेटरचं बटन बारावर ठेवलं आन खाली करायचं इसरलो. रेडिओ सहाचा. तू बरोबरच जोडला हुतास, पोरी. गिऱ्हाईक समोर हुतं. दुकानाचं नाव जाईल आसं वाटलं. माझ्या तोंडातनं गेलं.''

''आणि नंतर?''

''नंतर तुला आत घेतलं आसतं तर समदं सांगावं लागलं आसतं. मंग तू बोलेनास. मंग मला बी बोलता यीना.''

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. इतका राग आला की मी काउंटरची फळी उचलून, वीस वर्षांत पहिल्यांदा, सरळ आत गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. त्या एका वाक्यावर मी किती परीक्षा दिल्या, किती वर्षं या फळीबाहेर उभी राहिले, सगळं बोलले. शेवटी मी म्हणाले, ''हे चर्चमध्ये सांगा.''

''आदी तू टेम्पो सांग,'' ते म्हणाले. ''मंग मी रेडिओ सांगतो.''

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी मी उठले. दुधाचं पातेलं, टेम्पो, गुरुवारचा कोरा चहा, सगळं सांगितलं. मंडळी पोट धरून हसली, पाळकसाहेबांनीही पवित्र शास्त्राआड तोंड लपवलं. मी बसले तेव्हा पप्पा उठले. त्यांनी माइक ठोकून बघितला नाही.

''वीस वर्सांमागं माझ्या दुकानात येक रेडिओ जळला,'' ते तिसऱ्या बाकाकडे बघून म्हणाले. ''त्यो माझ्या चुकीनं जळला. मी नाव लेकीचं घेतलं. तिच्या हातात दुरुस्ती हाय. तवा बी हुती.''

कुणी हसलं नाही. आईने माझा हात धरला, आणि मला जे त्या दुकानात आलं नव्हतं ते रडू तिथे, सगळ्यांसमोर, आलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचे गृहस्थ मागे वळून मोठ्याने म्हणाले, ''आन मी पोरीला इतकी वर्सं माझ्या मोबाईलला हात लावू दिला न्हाई!''

आता संध्याकाळचा चहा मी पावडरचाच पिते. टेम्पो चौकात थांबतो, चारशे पावलं चालून जायचा मला कंटाळा येतो. शनिवारी दुकानात तो जळका रेडिओ उघडून बसते. बरेच भाग मिळत नाहीत, जुन्या बाजारातून शोधून आणावे लागतात, आणि अजून काही तो बोलायला लागलेला नाही. पप्पा शेजारी स्टुलावर बसून टॉर्च धरतात. मी चुकीच्या ठिकाणी गन टेकवली की त्यांचा हात जरासा हलतो, उजेड थरथरतो, पण ते तोंडाने काही बोलत नाहीत.